मदत हवी आहे: मानेच्या ऑपरेशननंतर बसवलं की बीपी उतरतं
रुग्ण 34 वर्षांचा, नारळाच्या झाडावरून पडला. मानेतला सी5 (पाचवा) मणका सी6वर (सहाव्यावर) सरकला होता. पुढून डिस्क काढून प्लेट-स्क्रू बसवले. पाचवा आठवडा चालू आहे. कोपर वाकतं, बोटं आणि पाय हलत नाहीत. कॉलर घालून बसवायला सर्जनची परवानगी आहे.

पलंगाची पाठ 45 अंशांपर्यंत ठीक. 60ला नेली की बीपी 105/65वरून थेट 75/45, ओठ पांढरे, डोळ्यांपुढे अंधारी. पाय खाली सोडायचा तर प्रश्नच नाही. पायांना बोटांपासून मांडीपर्यंत क्रेप बँडेज, पोटाला पट्टा, आधी पाणी, सगळं करून झालं. ताप नाही, लघवीचा कॅथेटर मोकळा, हिमोग्लोबिन 12.

घरी टिल्ट टेबल (रुग्णाला पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करायचं टेबल) नाही. मिडोड्रिन या बीपी वाढवणाऱ्या औषधाने आडवं असताना बीपी जास्त चढू शकतं, म्हणून ते अजून मागितलेलं नाही. 45च्या पुढे एकेका टप्प्याला किती अंश वाढवायचे, किती मिनिटं थांबायचं, आणि किती दिवसांत फरक नसेल तर औषधाचं विचारायचं?