ऑनसाईट वॉरंटीवाला ब्रँडेड पीसी बंद, कंपनी म्हणते अर्थिंग तुमची खराब. काय करू?

सेतूवाला_केळापूर

नमस्कार मंडळी. लांबण होईल पण सगळंच सांगतो, अर्धं सांगितलं की पहिला प्रश्न येते बिल आहे का म्हणून. बिल आहे. जीएसटीचं, सिरीयल नंबर टाकलेलं.

मी पांढरकवड्यापासून आत १८ किलोमीटरवर सेतू चालवतो. झेरॉक्स, सातबारा, ई-केवायसी, फॉर्म भरणं, जे येईल ते. मागच्या दिवाळीत नागपूरले बर्डीवर जाऊन ब्रँडेड डेस्कटॉप घेतला, ४६ हजार ५००. असेम्बल सात-आठ हजारानं स्वस्त पडत होता, पण दुकानदार म्हणे तीन वर्षं ऑनसाईट, बिघडला तं इंजिनीअर तुमच्या दारात. मी म्हटलं गावात रिपेरवाला नाही, हे जास्तीचे पैसे त्याच्यासाठीच जाऊन रायले, जाऊ दे.

१८ जुलैले, म्हणजे पीकविम्याचे १३ दिवस उरलेले, लोकायनं नंबरासाठी चपला ओळीत लावून ठेवल्या होत्या, लाईन गेली, आली, परत गेली, परत आली, आणि त्याच्यानंतर कॉम्प्युटर चालूच नाही. बटन दाबलं की पंखा अर्धा गरका घेते आणि थांबते, समोरचा लाईट पिवळा लुकलुक करते.

टोल फ्रीवर फोन लावला. पिनकोड सांगितला तं म्हणे हा एरिया सर्व्हिसेबल नाही, सीपीयू नागपूरच्या सेंटरवर आणून द्या. मी म्हटलं ऑनसाईट आहे. तं म्हणे ऑनसाईट आहे सर, पण तुमचा एरिया सर्व्हिसेबल नाही. परत लावला, दुसरी मॅडम, परत सगळं पहिल्यापासून. कापूसकोंड्याची गोष्ट. चार-पाच दिवस भांडलो तेव्हा कुठं "एक्सेप्शन" म्हणून कॉल टाकला.

नवव्या दिवशी यवतमाळवरून एक पोरगा मोटरसायकलनं आला. बोलायले चांगला होता, चहा घेतला. पण कॅबिनेटचा एक स्क्रू खोलायच्या आधी त्यानं बॅगेतून मीटर काढलं, बोर्डाच्या सॉकेटमध्ये दोन पिना घातल्या, फोटो काढला आणि म्हणे न्यूट्रल-अर्थिंगमध्ये ३४ व्होल्ट दाखवून रायलं, ३ च्या आत पायजे. मी म्हटलं बरं. मोबाईलवर काहीतरी भरलं, म्हणे इथं बोटानं सही करा. केली. ओटीपी आला, तोही दिला. संध्याकाळी मेसेज, केस क्लोज्ड, साईट कंडिशन. आता म्हणते मदरबोर्ड पैसे देऊन बदला, १३ हजार ८०० वरून जीएसटी.

विम्याचे दिवस साळ्याच्या लॅपटॉपवर काढले, अर्धी गिऱ्हाईकं शेजारच्या गावात गेली. आता सांगा, हे पैसे भरू का भांडू? आणि पुढचा घेताना ब्रँडेड घेऊ का असेम्बल?

बर्डीचा_मिस्त्री

भाऊ, पैसे भरू नका.

मी सहा वर्षं असलेच कॉल केले आहेत, म्हणून आतलं सांगतो. तो पोरगा कंपनीचा नसते, ठेकेदाराचा असते, त्याले कॉलमागे पैसे भेटतात आणि पेट्रोल त्याच्याच खिशातलं. त्याले चेकलिस्ट दिली असते, त्यात अर्थिंग पहिल्या नंबरावर. रीडिंग जास्त आलं की पार्ट मागवायची भानगडच नाही, फोटो अपलोड, सही, ओटीपी, पुढचा कॉल. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही.

आधी एक सांगा. अनवाणी पायानं कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याले हात लावला तं झिणझिणी येते का?

सेतूवाला_केळापूर

येते ना. मी चप्पल घालूनच बसतो. मले वाटलं सगळ्यायलेच येते.

बर्डीचा_मिस्त्री

हेच तं 😀 अर्ध्या विदर्भाले येते म्हणून सगळ्यायले ते नॉर्मल वाटते.

एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, त्याच्या आत फिल्टरसाठी दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजवरून बॉडीले, एक न्यूट्रलवरून बॉडीले. अर्थिंग बरोबर असलं की तो लिकेज जमिनीत जाते. अर्थिंग नसलं की पत्र्यावर अर्धं व्होल्टेज येऊन बसते, ११०-११५ च्या आसपास. करंट एकदम थोडा म्हणून फक्त झिणझिणी. म्हणजे तुमची अर्थिंग खरंच खराब आहे, पोरगा खोटं नाही बोलला. पण अर्थिंग खराब आहे म्हणून बोर्ड गेला हे त्यानं कुठं तपासलं? कॅबिनेट तं उघडलंच नाही. भांडायचा मुद्दा हा आहे.

दुसरं, बोर्डच गेला हे कोणी ठरवलं? पंखा अर्धा फिरून थांबते म्हणजे एसएमपीएस पण असू शकते, रॅम पण असू शकते, कुठं शॉर्ट पण असू शकते. असेम्बलमध्ये मी दुसरा एसएमपीएस लावून पाच मिनिटात सांगितलं असतं. ब्रँडेडमध्ये तिथंच अडते, बऱ्याच मॉडेलात २४ पिनचा नेहमीचा कनेक्टर नसते, त्यायचा वेगळाच असते, साईजही वेगळी. बाजारातला बसतच नाही. तो पिवळा लाईट किती वेळा लुकलुकते आणि मग थांबते ते मोजा, त्याचा कोड असते, मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पायजो. आणि व्हिडिओ काढून ठेवजो.

पऱ्हाटीवाला

अर्थिंगचं तं सोपं आहे न बे. सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनले एक वायर मारून दे, मीटर शून्य दाखवते. आमच्या इकडं सगळे हेच करतात, इंजिनीअर खुश.

बर्डीचा_मिस्त्री

पऱ्हाटीवाले भाऊ, हे चुकूनही करू नका आणि कोणाले सांगू पण नका. लाईनमननं खांबावर काम करताना फेज-न्यूट्रल उलटं जोडलं, नाही तं मागं कुठं न्यूट्रल तुटला, की पूर्ण २३० व्होल्ट त्या वायरनं कॅबिनेटवर येते. मग झिणझिणी नाही, माणूस चिकटते. सेतूत दिवसभर म्हातारे-कोतारे अंगठा लावायले येतात.

खड्डा करा. सहा-आठ फूट, जीआय पाईप नाही तं तांब्याची पट्टी, कोळसा-मीठ, वरून जाड वायर थेट लाईटच्या बोर्डापर्यंत. सध्या माती ओली आहे, खोदायले सोपं. पण काळी माती आहे तुमच्याकडं, एप्रिल-मेमध्ये भेगाळली की रीडिंग परत चढते, त्या दिवसात खड्ड्यात आठवड्याले बादलीभर पाणी टाकत जा.

पुणेकर_पाहुणा

एवढ्या भानगडीपेक्षा लॅपटॉप का नाही घेत? बॅटरी असते, लाईट गेली तरी चालतो, अर्थिंगचा प्रश्न नाही, बिघडला तर पिशवीत घालून सेंटरला नेता येतो.

वाशिमची_टायपिंगवाली

पाहुणे, बोलणं अगदीच चुकीचं नाही तुमचं, पण सेंटर आमच्याकडे रिक्षानं जायच्या अंतरावर नसतं हो. पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटर, दुकान बंद ठेवून जायचं, तिथे टोकन घ्यायचं आणि मग म्हणणार आठ दिवसांनी या. शिवाय दिवसभर प्रिंटर, स्कॅनर, बोटाचं मशीन लावून लॅपटॉपचे यूएसबी ढिले होतात, माझे झालेत.

सेतूवाले दादा, माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे, १२ मशीन आहेत, त्यातले चार ब्रँडेड. वॉरंटीत तीनदा पार्ट बदलून घेतलेत, नीट बदलून दिलेत, म्हणजे सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यातून जे शिकले ते सांगते.

ओटीपी म्हणजे काम झालं याची तुमची कबुली. मशीन चालू होऊन त्यावर एक प्रिंट निघत नाही तोवर ओटीपी द्यायचा नाही, पोरगा कितीही म्हणो की ताई फक्त व्हिजिट क्लोज करायचीय. आणि बोटानं सही करायच्या आधी मोबाईल त्याच्या हातून घेऊन वर सरकवून वाचायचं काय लिहिलंय ते. मला एकदा "कस्टमर सॅटिस्फाईड" लिहिलेलं सापडलं, मशीन समोर उघडं पडलेलं!

फोनवर भांडू नका, फोनचा पुरावा आपल्याकडे राहत नाही. फोन केला की त्याच दिवशी ईमेल टाकायचा, केस नंबर घालून, "आज अमुक वाजता तुमच्या प्रतिनिधीनं असं सांगितलं". चार ओळी पुरतात.

आणि सेंटरला सीपीयू द्यायची वेळ आलीच तर आधी डिस्क काढून ठेवायची का ते त्यांना ईमेलवर विचारा. डेटा गेला तर जबाबदार नाही ही सही ते घेतातच. तुमच्याकडे लोकांचे आधार, पासबुकं स्कॅन केलेली असणार.

काळा_कोट_नाही

वकील नाही, पण दोन तक्रारी स्वतः लढलोय म्हणून लिहितो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू जुलै २०२० पासून. यात आपल्यासाठी चांगली गोष्ट अशी की तक्रार आपण जिथं राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे तुम्हाला यवतमाळ. कंपनीचं ऑफिस बंगलोरला असो का गुडगावला. ५ लाखापर्यंतच्या मालाला फी शून्य. कारण घडल्यापासून दोन वर्षाच्या आत करायची. ऑनलाईन पण दाखल होते, वकील लागतोच असं नाही.

त्याच्या आधी १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. ते तक्रार थेट कंपनीच्या वरच्या माणसाकडे पाठवतात आणि बरेचदा तिथंच काम होतं, कारण टोल फ्रीवाल्या पोरीच्या हातात काहीच नसतं.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. बिल दुकानाच्या नावानं आहे का तुमच्या? कंपनीचा वकील पहिली हरकत हीच घेतो की माल व्यापारी वापरासाठी घेतला, हा ग्राहकच नाही. पण कायद्यातच स्पष्टीकरण दिलंय, स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की केंद्र मी स्वतः चालवतो, उपजीविकेचं साधन हेच. हे लिहायचं राहिलं म्हणून माझी पहिली तक्रार चार महिने नुसती त्या वादात लटकली.

आणि वॉरंटी कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरात अर्थिंगबद्दल नेमकं काय छापलंय त्याचा फोटो टाका इथं.

सेतूवाला_केळापूर

सगळ्यायचे आभार. बिल माझ्याच नावानं आहे, बरं झालं. कार्डावर "अयोग्य वीजपुरवठ्यामुळे झालेलं नुकसान" एवढंच आहे, आकडा-बिकडा काही नाही. लाईट मोजला, दोन वेळा लुकलुकते, थांबते, मग चार वेळा. मिस्त्री भाऊ, मॅन्युअलमध्ये त्याच्यासमोर मेमरी लिहिलं आहे!! बोर्ड नाही!

बर्डीचा_मिस्त्री

घ्या आता. बोर्डाचे १३ हजार ८०० मागून रायले आणि कोड म्हणते मेमरी. रॅमचा स्लॉट गेला असंल तं बोर्ड पण लागू शकते, पण आधी रॅम बदलून पाहायले नको? व्हिडिओ आणि मॅन्युअलचं पान ईमेलले जोडा. खड्डा झाला की मीटरचा फोटो पण.

पुढचा कोणता घेऊ विचारलं होतं तं माझं मत असं. ब्रँडेड घ्यायचा असेल तं पैसे द्यायच्या आधी दुकानात उभं राहून टोल फ्रीले पिनकोड सांगा आणि ऑनसाईट भेटते का ते ईमेलवर घ्या. दुकानदार तोंड वाकडं करते, करू द्या. असेम्बल घ्यायचा तं वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी हे लक्षात ठेवा, प्रोसेसर-बोर्ड तीन वर्षं, एसएमपीएस-एसएसडी तीन नाही तं पाच, आणि प्रोसेसर डब्यातलाच घ्या, सुटा ट्रेवाला घेतला तं बनवणारी कंपनी तुम्हाले ओळखत पण नाही. डबे माळ्यावर ठेवा, उंदरापासून सांभाळून. पार्ट गेला तं एसटीच्या पार्सलनं तेवढाच नागपूरले पाठवायचा, पूर्ण सीपीयू उचलून न्यायची गरज नाही. गावासाठी मी तं असेम्बलच म्हणीन.

वाशिमची_टायपिंगवाली

मिस्त्रींच्या असेम्बलला मी अर्धच +१ देईन. विश्वासाचा माणूस हाताशी असेल तर असेम्बल. माझा असेम्बलवाला दुकान गुंडाळून गेला, आता कोणता पार्ट कुठल्या बिलावर आहे ते मलाच शोधावं लागतं.

आणि यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका दादा. ६०० व्हीएच्या यूपीएसला साधारण ३६० वॅट झेपतात, लेझर प्रिंटर गरम होताना त्याच्या दुप्पट खातो.

सेतूवाला_केळापूर

ताई, लावलेला होता. काढला.

सेतूवाला_केळापूर

अपडेट. खड्डा केला, मजुरीसकट साडेतीन हजार लागले. रीडिंग ३४ वरून १.८ वर आलं, झिणझिणी बंद. फोटो, व्हिडिओ, मॅन्युअलचं पान सगळं ईमेलवर टाकलं आणि १९१५ वर पण नोंदवलं. सहाव्या दिवशी कंपनीच्या एका साहेबाचा स्वतःहून फोन, पिनकोडाचं नावच काढलं नाही!

आज तोच पोरगा आला, रॅम आणि बोर्ड दोन्ही घेऊन. रॅम बदलली, त्यानं नाही झालं, स्लॉटच गेला होता, मग बोर्ड बदलला. चालू झाला. पण वर लिहून येते सिरीयल नंबर इनव्हॅलिड, आणि विंडोज म्हणते ॲक्टिव्हेट करा. तो म्हणते चालते ना, ओटीपी द्या, मले अजून वणीले जायचं आहे. काय करू? तो समोरच बसला आहे.

बर्डीचा_मिस्त्री

देऊ नका!! नवीन बोर्ड कोरा असते, त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये, तुमचा सिरीयल नंबर टाकावा लागते, कंपनीचं टूल त्याच्या पेनड्राईव्हमध्ये असते. नाही टाकला तं पुढच्या वेळेस साईटवर तुमची वॉरंटीच दिसणार नाही. दहा मिनिटाचं काम आहे, त्याले म्हणा कर. विंडोज मग नेट लावलं की बहुतेक आपोआप होते.

सेतूवाला_केळापूर

सांगितलं. पेनड्राईव्ह यवतमाळले राहिला म्हणते. मी म्हटलं उद्या घेऊन ये बापू, चहा परत पाजतो. ओटीपी माझ्याजवळच आहे.