पाच तालुक्यांचा मोगली एरंड, तरी सगळा एकसारखाच?

सत्तरीकर:
आमच्या काजूच्या बागायतीला आजोबांच्या वेळेपासून मोगली एरंडाची (जट्रोफाची) वई, म्हणजे कुंपण, आहे. देठ मोडून चिकाचे फुगे उडवायचो, तीच झाडं. मागे ‘जास्त तेलाची’ म्हणून विकत आणलेली रोपंही वईपेक्षा वेगळी निघाली नाहीत, पैसे गेले. म्हणून स्वतःच निवड करायची ठरवलं. पेडणे, डिचोली, सांगे, केपे, काणकोण फिरून बी आणलं, वेगवेगळ्या ओळींत लावलं. आता तिसरं वर्ष. पानं तीच, बोंडात त्याच तीन बिया. शंभर बिया तोलल्या तर कुठल्याही ओळीच्या 62 ते 65 ग्रॅम. तेलासाठी झाड निवडायचं कसं?

रानबी (पीकपैदास शिकलेय):
भाऊ, तुमचं काही चुकलं नाही. निवडायला मुळात फारसं काही नाहीच. हे झाड मेक्सिको-मध्य अमेरिकेचं. पोर्तुगीजांनी केप वर्देमार्गे इकडे आणलं असं मानतात. आलं ते थोडंसं बी, आणि पुढे वईसाठी आपण फांद्याच खोचत गेलो. फांदीचं झाड म्हणजे तेच झाड. डीएनए मार्करनं, म्हणजे डीएनएतल्या ओळखखुणांवरून, तपासल्यावर भारतातले, आफ्रिकेतले नमुने जवळजवळ एकसारखे निघाले. वैविध्य आहे ते मेक्सिकोत. तिथे फॉर्बोल एस्टर (बियांतलं विष) नसलेली झाडंही आहेत, त्यांच्या बिया भाजून खातात. आपल्याकडची बी पोरांनी खाल्ली तर उलट्या लागतात! 2003 नंतर बायोडिझेलसाठी माळामाळावर लावलं ते हेच, न सुधारलेलं. पीक येणार कुठून?
तरी एक बघा. घोसात नरफुलं ढीगभर, मादीफुलं मोजकी असतात. बोंडं धरतात ती मादीफुलांनाच, म्हणून ती जास्त दिसली त्या झाडाला दोरी बांधा. पुढच्या वर्षीही तसंच दिसलं तर खरं.

डिचोलीची बाय:
करंज का नाही बघत? तो इथलाच, नदीकाठचा. मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून झाडागणिक फरक. आमच्या पाणंदीला दोन झाडं शेजारी आहेत, एकाची शेंग फुगीर, दुसऱ्याची चपटी नि टोकाला वाकडी. पण बी लावाल तर चार-पाच वर्षं वाट बघा, आणि ते मूळ झाडासारखं येईलच असं नाही. चांगल्या झाडाची कलमं करा.

सत्तरीकर:
दोघींचे मनापासून आभार. आज उजाडताच ओळी फिरलो. चौथ्या ओळीत एका घोसात अकरा मादीफुलं मोजली, शेजारच्या झाडावर चार. लाल दोरी बांधलीय. म्हादईकाठची करंजं आईला ठाऊक आहेत, दिव्याच्या तेलासाठी ती लहानपणी शेंगा वेचायची. कुठल्या झाडाचं तेल जास्त निघायचं तेही तिला आठवतंय. रविवारी तिला घेऊन जातो.