पियानोची एक्स्पान्शन कार्डं: मराठवाड्यातल्या कीबोर्डवाल्यांचा अनुभव धागा

छत्रपती संभाजीनगर, स्टुडिओ (धागा सुरू करताना)

लग्नसराई संपली की जुनी मशीनं विकायला निघतात आणि एकच प्रश्न चहूकडून येतो: रोलंडचं एक्सपी (कीबोर्ड) घेतलंय, त्यात पियानोचं एक्स्पान्शन कार्ड (जादा आवाज देणारा छोटा बोर्ड) टाकावं का? वापरलेल्यांनीच लिहावं. मशीन कोणतं, कार्ड कोणतं, कुठे वाजतं आणि कुठे मार खातं, हे नेमकं सांगा. नुसतं ‘भारी आहे’ लिहून कुणाचं भलं होत नाही.

नवख्यांसाठी थोडक्यात. रोलंडची कार्डं दोन पिढ्यांची आहेत. पहिली एसआर-जेव्ही८०, ८ एमबीची. जेव्ही-८८० मध्ये तिचा एकच स्लॉट, एक्सपी-३० मध्ये दोन, जेव्ही-१०८०, एक्सपी-५०, एक्सपी-६० आणि एक्सपी-८० मध्ये चार, जेव्ही-२०८० मध्ये आठ. दुसरी पिढी एसआरएक्स. ती जुनो-जी मध्ये एक, एक्सव्ही-५०५० मध्ये दोन, फँटम-एस आणि फँटम-एक्स मध्ये चार बसतात. एकीचं कार्ड दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. एक्सव्ही-३०८० आणि एक्सव्ही-५०८० या रॅकमध्ये (पट्ट्या नसलेल्या मशीनमध्ये) दोन्ही तऱ्हेचे स्लॉट आहेत. फँटम-जी मध्ये मात्र एसआरएक्स चालत नाही, त्याची एआरएक्स कार्डं वेगळीच. नावात ‘फँटम’ आहे म्हणून डोळे झाकून कार्ड घेऊ नका.

लातूर, ऑर्केस्ट्रा

पियानोसाठी एसआर-जेव्ही८० मधली दोन नावं कायम घेतली जातात: ०३ म्हणजे ‘पियानो’ आणि ०९ म्हणजे ‘सेशन’. नाव बघून लोक ०३ घेतात. त्यातला ग्रँड एकट्याने ऐकायला गोड आहे आणि इलेक्ट्रिक पियानोही कामाचे आहेत. पण ऑक्टोपॅड, ढोलकी, बेस आणि दोन गायक सुरू झाले की तो मागे पडतो. सेशनमधला ग्रँड उजळ आहे, बोटाचा पहिला ठोका स्पष्ट येतो, म्हणून गर्दीत ऐकू येतो. स्टेजसाठी माझं मत सरळ सेशनला. एक्सपी-३० वाल्यांना तर तो मशीनमध्येच मिळालेला आहे, वेगळा विकत घेऊ नये.

आता खरं दुखणं. आपल्याकडे मंडपातली साउंड सिस्टीम जवळपास नेहमी मोनो असते. स्टीरिओ पियानोचे डावे-उजवे आवाज एकत्र मिसळले की काही लहरी एकमेकींना खातात. मधल्या सप्तकात आवाज पोकळ होतो, काही पट्ट्या दबतात, काही उसळतात. लोक कार्डाला नावं ठेवतात, पण कार्डाचा यात काही दोष नाही.

बरेच जण उपाय म्हणून फक्त ‘एल/मोनो’ जॅक लावतात. त्याने काही सुटत नाही. ‘आर’ जॅक रिकामा असला की मशीन आतच दोन्ही बाजू मिसळून एलमधून बाहेर काढतं, म्हणजे तोच घोळ मशीनच्या आत होतो. खरोखर एकच बाजू हवी असेल तर दोन्ही जॅक लावा आणि मिक्सरवर आरचा फेडर बंद ठेवा.

त्याहून चांगला इलाज पॅचमध्ये, म्हणजे मशीनमधल्या तयार आवाजात आहे. एक पॅच टोन नावाच्या थरांचा बनतो, आणि प्रत्येक टोनला एक वेव्ह (आवाजाचा नमुना) असते. पॅच एडिटमध्ये टोन १ आणि टोन २ च्या वेव्हची नावं बघा. शेवटी एल आणि आर दिसलं की ती स्टीरिओ जोडी. टोन २ बंद करा, टोन १ चा पॅन (डावी-उजवी जागा) शून्यावर, म्हणजे मध्यावर आणा, लेव्हल थोडी चढवा, कोरस बंद करा, रिव्हर्ब निम्म्यावर आणा. कार्डातले पॅच रॉममध्ये असतात, त्यावर लिहिता येत नाही, म्हणून ‘युजर’ बँकेत साठवा. हेडफोनवर हा पॅच कोरडा लागेल. मंडपात तोच पुढे येतो.

नांदेड, भीमगीतं आणि कव्वालीची साथ

लातूरच्या भाऊंच्या इलाजाचा दुसरा फायदा त्यांनी लिहिला नाही, तो व्हॉइसचा, म्हणजे मशीन एका वेळी किती आवाज काढू शकतं त्या मर्यादेचा. जेव्ही-१०८० काय किंवा एक्सपी-८० काय, एका वेळी ६४ व्हॉइस. कार्ड टाकल्याने हा आकडा वाढत नाही. स्टीरिओ पियानोच्या एका स्वराला दोन व्हॉइस लागतात. वर दोन टोनचं स्ट्रिंग लेयर केलं की चार.

डाव्या हाताने सप्तक आणि उजव्या हाताने चार स्वरांचा कॉर्ड धरला तर सहा स्वर, म्हणजे २४ व्हॉइस. पॅडल दाबून दुसरा कॉर्ड घेतला की ४८. तिसऱ्याला ७२ लागतात, पण आहेत ६४. मग आधीचे स्वर मधेच तुटतात आणि लोक म्हणतात, कार्ड खराब आहे.

यावर करायचं ते असं. पियानो एका टोनवर आणा. परफॉर्मन्स मोडमध्ये (अनेक पॅच पार्ट म्हणून एकत्र वाजतात तिथे) पियानोच्या पार्टला व्हॉइस रिझर्व्ह (राखीव व्हॉइस) द्या, सगळ्या पार्टांची बेरीज ६४ च्या आत राहते हे धरून. स्ट्रिंगची खालची हद्द मधल्या ‘सा’च्या आसपास बांधा, खाली तिची गरज नसते. स्ट्रिंगच्या टोनला ‘होल्ड-१’ (पॅडलचा संदेश) स्वीकारणं बंद करा, म्हणजे पॅडल फक्त पियानोला लागतं. हा शेवटचा बदल फार कमी लोकांना ठाऊक आहे आणि त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. गाणाऱ्यांचा कोरस मोठा आणि गाणं जोषाचं असलं की पॅडलवरचा पाय हलत नाही, तिथे याची किंमत कळते.

पॅडलची पोलॅरिटी (दाबलं-सोडलं ओळखण्याची दिशा) उलटी असेल तर पाय सोडल्यावर स्वर धरून राहतात. तेव्हाही व्हॉइस असेच संपतात. आधी तेवढं तपासून घ्या.

परभणी, दुरुस्ती

कार्ड बसवताना काय होतं ते सांगतो, कारण माझ्याकडे येणारी निम्मी ‘मेलेली’ कार्डं मेलेली नसतात, नीट बसलेलीच नसतात.

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा. टेबलावर जाड सतरंजी घालून मशीन उपडं ठेवा, पण नॉब आणि बेंडर लिव्हरवर वजन येऊ देऊ नका. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या लावल्या की ते अधांतरी राहतं. झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, कुठला कुठून काढला ते कागदावर मांडा. लांब स्क्रू भलत्या जागी गेला तर आतल्या पट्टीला टेकतो. कार्डाला हात लावण्याआधी मशीनच्या उघड्या धातूला हात लावा. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की अंगातली स्थिर वीज चिपला मारायला पुरते.

कार्ड कडेने धरा. कनेक्टर समोरासमोर आणून सरळ खाली दाबा, तिरकं नाही. मग कार्डासोबत मिळणाऱ्या छोट्या चावीने होल्डर ‘लॉक’च्या दिशेने फिरवा. चावी हरवली म्हणून पक्कडीने फिरवतात आणि होल्डर तुटतो. होल्डर लॉक नसेल तर घरी सगळं चालतं आणि टेम्पोतून गंगाखेडपर्यंत गेलं की बँक गायब. चालू केल्यावर एक्सपी-ए, बी, सी, डी यातली आपली बँक दिसते का ते बघा. दिसली नाही तर बंद करून पुन्हा बसवा. तरी नाही आली तर दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. तिथे चालली तर दोष स्लॉटचा, कार्डाचा नाही.

कनेक्टर काळवंडला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. खोडरबर घासू नका, मुलामा जातो. गंज काढायचे तेलकट स्प्रे तर अजिबात नको, त्यावर धूळ लई बसते.

आतली सीआर२०३२ बॅटरी गेली की युजर पॅच जातात, कार्डातले जात नाहीत. लातूरवाल्यांनी सांगितलेले पॅच केलेत तर बॅटरी बदलण्याआधी ते फ्लॉपीवर किंवा मिडी बल्क डंपने (मिडी केबलवरून सगळा डेटा पाठवून) कॉम्प्युटरवर काढून घ्या. फ्लॉपी ड्राइव्ह दगा देत असेल तर त्याच जागी यूएसबी एम्युलेटर बसतो.

एक्सपी-८० घेणाऱ्यांना आणखी एक सांगतो. पट्ट्यांखालची वजनं लाल रंगाच्या गोंदाने चिकटवलेली असतात. जुनेपणाने आणि उष्णतेने तो पातळ होऊन खाली झिरपतो आणि पट्ट्या चिकटतात. मे महिन्यात बंद गाडीत मशीन ठेवणाऱ्यांकडे हे लवकर होतं. पट्ट्यांच्या फटीतून टॉर्च मारून लाल ओघळ दिसतात का बघा. दिसले तर कार्डाचा विचार नंतर, आधी कीबेड (पट्ट्यांचा सांगाडा).

बीड, शाळेचा वाद्यवृंद

सगळे रोलंडच लिहितायत, म्हणून कॉर्ग आणि यामाहाचं मांडतो.

कॉर्ग ट्रायटनचं पियानो कार्ड म्हणजे ईएक्सबी-पीसीएम०१, १६ एमबी, पियानो आणि जुने कीबोर्ड. पहिल्या ट्रायटनमध्ये असे दोन स्लॉट. मोठा फरक असा की या कार्डात फक्त मल्टिसॅम्पल (कच्चे आवाजाचे नमुने) असतात. तयार प्रोग्रॅम सोबतच्या फ्लॉपीवर ‘पीसीजी’ फाइलमध्ये येतात आणि ते मशीनमध्ये लोड करावे लागतात. जुनं कार्ड फ्लॉपीशिवाय घेतलं की लोक लावतात, शोधतात, नवा आवाज दिसत नाही आणि परत करतात. ती फाइल मिळवा, आणि लोड करण्याआधी आपली बँक सेव्ह करा, नाहीतर तिच्यावरच लिहिलं जाईल. ट्रायटन एलईमध्ये हे कार्ड बसत नाही. ट्रायटन एक्स्ट्रीमच्या रॉममध्ये या मालिकेतले बरेच आवाज आधीच आहेत.

यामाहाचं पीएलजी१५०-पीएफ वेगळ्या जातीचं. ते नुसतं आवाजांचं भांडार नाही, त्यावर स्वतःचा टोन जनरेटर आहे आणि स्वतःच्या ६४ व्हॉइस. नांदेडच्या दादांनी मांडलेला हिशेब इथे सुटतो: मूळ मशीनच्या व्हॉइस स्ट्रिंगला, पियानोच्या व्हॉइस कार्डावर. एस८०, पहिला मोटिफ, मोटिफ ईएस यांत चालतं, मोटिफ एक्सएसमध्ये नाही. बोर्ड एका वेळी एकाच पार्टला वाजतो, म्हणून दोन चॅनेलवर दोन वेगळे पियानो त्यातून निघत नाहीत. आत जोडणी चपट्या केबलने होते. ती अर्धवट खोचली गेली की बोर्ड दिसतच नाही. आवाज थोडा काचेसारखा आहे, संथ गाण्याला मला तो रुचत नाही, पण समूहगीताच्या मागे स्वच्छ उभा राहतो.

जालना, चर्चमधली साथ

इथे परिस्थिती उलटी: शांत जागा, एक पियानो, चार आवाजांची प्रार्थनागीतं. अशा जागी ८ एमबीच्या कार्डाची मर्यादा कानाला टोचते. त्या ८ एमबीत सगळ्याच वाद्यांचे नमुने कोंबलेले असल्याने स्वर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा) चालू होतो आणि लांब धरलेला स्वर जिवंत न राहता एकसुरी रेष होतो. टीव्हीए एन्व्हलपचा (आवाजाची पातळी वेळेनुसार बदलणारी सेटिंग) टाइम ३ कमी केला, टीव्हीएफचा (फिल्टरचा) कटऑफ हळू उतरता ठेवला तर बराच झाकला जातो.

त्यापेक्षा एसआरएक्स-०२, ‘कॉन्सर्ट पियानो’, ६४ एमबी. हलक्या आणि जोरकस बोटाचे नमुने वेगळे आहेत, स्वर नैसर्गिकपणे विझतो. एसआरएक्स-११ ‘कम्प्लीट पियानो’मध्ये इलेक्ट्रिक पियानोही मिळतात, आणि त्याचा ग्रँड मला ०२ पेक्षा समतोल वाटतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्राला मी दोन्ही सुचवणार नाही, त्यांची नजाकत तिथे ऐकूच येणार नाही. एसआरएक्सच्या पिढीत एका टोनमध्येच वेव्ह एल आणि वेव्ह आर असतात. मोनो करायचं तर चालू असलेल्या प्रत्येक टोनची वेव्ह आर बंद करायची, एक टोन जरी राहिला तरी ठरावीक जोराला आवाज एकदम रुंद होतो.

हलक्या पट्ट्यांच्या ६१ कीच्या मशीनवरून ही कार्डं वाजवली की सारखे जोरकस नमुनेच वाजतात आणि पियानो कर्कश वाटतो. आधी सिस्टीममधली कीबोर्ड सेन्स (बोटाचा जोर मोजण्याची सेटिंग) बदलून बघा. शक्य असेल तर ८८ कीचा वजनदार कीबोर्ड मिडीने जोडा. पैसे मर्यादित असतील तर आधी पट्ट्या सुधाराव्यात, मग कार्ड.

तुळजापूर, भजन आणि गोंधळाची साथ

पेटीसोबत पियानो वाजवायचा असेल तर कार्डाआधी सूर बघा. पेट्या क्वचितच अचूक ४४० हर्ट्झवर असतात. पेटीचा एकच सूर लांब धरायचा, तोच पियानोवर धरायचा, आणि दोन सुरांमुळे उठणाऱ्या लाटा थांबेपर्यंत मास्टर ट्यून (सगळ्या मशीनचा सूर) फिरवायची. रोलंडच्या या मशीनांवर ती ४२७.४ ते ४५२.६ हर्ट्झपर्यंत जाते, तेवढी पुरते. गायक काळी चारवरून काळी पाचवर गेला तर ट्रान्सपोज वापरा, मास्टर ट्यूनला हात लावू नका.

संबळ जोरात असतो. २५० ते ३०० हर्ट्झला ३-४ डीबी कमी, ३ किलोहर्ट्झला २ डीबी जास्त, एवढ्याने सेशनचा पियानो संबळाच्या वर येतो. भोंगे असतील तर डाव्या हाताचे खालचे स्वर वाजवून उपयोग नाही, एक सप्तक वर घ्या.

हिंगोली, नवीन मशीन घेणाऱ्यांसाठी

आज शून्यातून सुरुवात करणाऱ्याने जुनं मशीन आणि वेगळं कार्ड या फंदात पडू नये असं माझं ठाम मत आहे. एक्सपीएस-३० मध्ये वेव्ह एक्स्पान्शनची जागा आहे. रोलंडच्या साइटवरून फाइल मोफत उतरवायची आणि पेनड्राइव्हने भरायची, स्क्रू खोलायचं कामच नाही. स्टुडिओवाल्यांसाठी इंटेग्रा-७ मध्ये बाराही एसआरएक्स आहेत, चार आभासी स्लॉटमध्ये हवी ती लोड करायची. ज्याच्याकडे चांगल्या अवस्थेतलं एक्सपी किंवा जेव्ही आधीच आहे त्यालाच कार्ड परवडतं, आणि त्याने ते जरूर घ्यावं.

परभणी, दुरुस्ती (पुन्हा)

हिंगोलीच्या काकांशी सहमत, तरी जुनं घेणारे घेणारच, म्हणून तपासायचं सांगतो. बाहेरून आलेल्या मशीनच्या मागची पाटी वाचा. जपानचं १०० व्होल्टवर चालतं, अमेरिकेचं ११७ वर. आपल्या २३० मध्ये थेट लावलं तर पॉवर सप्लाय जळतो, कधी कार्डही सोबत नेतो. पाटीवर जितके वॅट आहेत त्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि तो केबलच्या गठ्ठ्यापासून लांब ठेवा, हम पकडतो. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर मशीनआधी व्होल्टेज स्टॅबिलायझर हवाच.

कार्ड विकत घेताना ते मशीनमध्ये लावून, अर्धा तास तापू देऊन, मग सगळ्यात खालच्या पट्टीपासून वरपर्यंत एकेक स्वर हळू आणि जोरात वाजवून घ्या. थंड असताना चालणारं आणि गरम झाल्यावर मधल्याच दोन-तीन पट्ट्यांवर खरखरणारं कार्ड बाजारात बरंच फिरतं. विकणारा अर्धा तास थांबायला तयार नसेल तर पैसे देऊ नका.