१९९० नंतरचं मराठी नाटक सुचवा: सात कलाकार, त्यात चार स्त्रिया

पहिली घंटा

आमची तालुक्याच्या गावातली हौशी संस्था आहे. चार स्त्रिया (एक पन्नाशीची, बाकी पंचवीस ते चाळीस) आणि तीन पुरुष. प्रयोग मंगल कार्यालयात, रंगमंच २४ बाय १६ फूट, विंगा दोन्हीकडे एकेकच. दिवे भाड्याने आणणार. तालमीला दोन महिने आहेत. फार्स नको. वाचायला कोणत्या संहिता घ्याव्यात आणि त्यातलं उभं करायला काय झेपेल? परवानगीचं काय करायचं असतं, तेही सांगा.

संहितावाचक

तुमचा संच बघता पहिलं नाव प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'चं. १९९१चं नाटक. लग्नाच्या चौकटीबाहेर राहून तीन मुली वाढवलेली आई, त्या तिघी, आणि भोवतीचे पुरुष. एकच घर, त्यामुळे नेपथ्य एकदाच लावायचं. चंद्रकांत कुलकर्णींनी २०२२ मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आणलं, तेव्हाही त्यातले प्रश्न शिळे झालेले नव्हते.

यातला थोरल्या मुलीचा, विद्याचा, नवऱ्याशी फोनवर बोलण्याचा प्रवेश नीट समजून घ्या, कारण हौशी प्रयोग तिथेच कोसळतात. पलीकडचा नवरा प्रेक्षकांना ऐकू येत नाही. अभिनेत्री आपलीच वाक्यं पाठ करते, मधे मधे थांबते, आणि प्रत्येक थांबा दोन-दोन सेकंदांचा, एकाच मापाचा होतो. पाचव्या थांब्याला प्रेक्षकाला कळतं की पलीकडे कुणी नाही. त्यासाठी नवऱ्याची वाक्यं पूर्ण लिहून काढा. पहिल्या आठ-दहा तालमींत एका नटाने विंगेतून ती खरोखर बोलायची, मधेच तोडायचं, आवाज चढवायचा. मग तीच वाक्यं त्याने नुसती मनात म्हणायची आणि संपली की बोट वर करायचं. शेवटच्या पंधरा दिवसांत तोही नको. तोवर थांबे आपोआप लहान-मोठे झालेले असतात.

आणि फोन वायरचाच ठेवा. काळ बदलतो म्हणून हातात मोबाइल दिलात तर ती रंगमंचभर फिरायला लागते आणि प्रवेशातली कोंडी सुटते. रिसीव्हरची गुंडाळीची वायर ताणून किती जाते ते मोजा, जमिनीवर खडूने तेवढं वर्तुळ काढा आणि पहिल्या दिवसापासून त्याच वर्तुळात तालीम करा.

विंगेतून

'चारचौघी'ला माझंही अनुमोदन. पण एकदम ठरवू नका. आधी आठवडाभर चार-पाच संहिता मोठ्याने वाचा, भूमिका न वाटता. पानागणिक वाचणारा बदला. भूमिका आधी वाटल्या की प्रत्येकजण आपल्यापुरतंच वाचतो आणि नाटक कुणालाच ऐकू येत नाही.

वाचनात महेश एलकुंचवारांचं 'सोनाटा' घ्या. तीन स्त्रिया, मुंबईतलं एक घर, एक संध्याकाळ. खर्च अगदी कमी, पण तीन मध्यमवयीन बायकांची मैत्री आणि एकटेपण पंचविशीच्या मुलींना केसांना पांढरं लावून पेलत नाही. तुमच्याकडे पन्नाशीच्या एकच बाई आहेत, म्हणून हे वाचनापुरतं ठेवा.

राजीव नाईकांचं 'साठेचं काय करायचं?' दोनच पात्रांचं आहे: अभय आणि त्याची बायको सलमा. दोन नटांना खरं काम देणारी इतकी चांगली संहिता सहज सापडत नाही. साठे रंगमंचावर येतच नाही. तो अभयच्या मत्सरातून दिसावा लागतो. अभयने पहिल्याच प्रवेशात ओरडायला सुरुवात केली की पुढे चढायला पायरी उरत नाही. अर्ध्यापर्यंत त्याने आपण साठेबद्दल न्याय्यच बोलतोय असं मानून बोलावं. सलमाचं ऐकणंही तालमीत बसवायचं असतं: ती केव्हा काम करत ऐकते, केव्हा हातातलं काम थांबतं.

जयंत पवारांचं 'अधांतर' तर वाचाच वाचा. गिरण्यांच्या १९८२च्या संपानंतर गिरणगावातल्या एका घराचं काय झालं, ते चाळीतल्या खोलीत बसून सांगणारं नाटक. मात्र त्यात पुरुष भूमिका जास्त, तुमच्या संचाला तो तोल जमणार नाही. पुढे कधी केलंत तर पूर्ण २४ फूट वापरू नका. खोली १२ बाय १० फुटांचीच लावा, बाकी रंगमंच काळ्या पडद्यात जाऊ द्या. माणसं एकमेकांना ओलांडून जाताना दिसली पाहिजेत. मोठ्या दिवाणखान्यात त्या घराची घुसमट उरतच नाही.

प्राजक्त देशमुखांचं 'देवबाभळी' सगळ्यांनाच करावंसं वाटतं. आवली आणि रखुमाई, दोनच भूमिका. दोघींना गाता येत नसेल तर हात घालू नका. ट्रॅकवर ओठ हलवले की श्रम करत, बोलता बोलता गाण्यात शिरणाऱ्या बाया राहत नाहीत. राजकुमार तांगडेंचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जरूर वाचा, पण शाहिरीचा तो ताफा सात जणांत उभा राहणार नाही.

डिमरवाला

मंगल कार्यालय म्हणालात म्हणून विजेचं सांगतो. १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर १००० वॅटचे तीनच हॅलोजन. २३० व्होल्टला हिशेब ३४५० वॅटचा होतो, चौथा लावला की फ्यूज. कार्यालयवाल्याकडून किती सॉकेट वेगळ्या सर्किटवर आहेत ते आधी लिहून घ्या, कारण भिंतीवर सहा दिसतात आणि आत वायर एकच असते. एक्स्टेन्शनची केबल गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा. गुंडाळी तापते आणि वितळते. डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) वायरी आणि माइकच्या वायरी शेजारून नेल्या की स्पीकरमध्ये गुणगुण येते. फोनच्या प्रवेशात, जिथे शांतता हवी, तिथेच ती ऐकू येईल.

परवानगीचं असं. लेखक हयात असताना आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. प्रकाशकामार्फत पत्ता मिळवा आणि तालीम सुरू करण्याआधी लेखी परवानगी घ्या. पत्रात प्रयोगांची संख्या, गाव, तिकीट आहे की नाही आणि प्रत्येक प्रयोगाचं मानधन, हे सगळं यायला हवं. बिनतिकीट हौशी प्रयोगाला १९५७च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, तरी तिच्यावर विसंबू नका. तिकीट लावलंत की सूट गेली. शिवाय रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. त्याचा क्रमांक लेखकाकडे किंवा मूळ निर्मात्याकडे मागा.

पहिली घंटा

मनापासून आभार. 'चारचौघी' सुमारे तीन तास चालतं. आमच्या इथे शेवटची एसटी साडेदहाला. वीस मिनिटं कमी करायची तर कुठे कात्री लावावी?

संहितावाचक

कात्री लेखकाला विचारल्याशिवाय नाहीच. संहितेवर खुणा करून प्रत त्यांना पाठवा, लेखी होकार आला तरच कापा, आणि मग तीच प्रत परिनिरीक्षणाला दाखवा. पण आधी घड्याळ लावून बघा. बसून वाचताना लागलेला वेळ आणि उभ्या तालमीचा वेळ, दोन्ही लिहा. फरक वीस मिनिटांच्या वर गेला तर दोष संहितेत नाही. कुणीतरी वाक्य संपल्यावर श्वास घेऊन मग बोलतंय, प्रवेशांमधला अंधार लांबतोय, चहाचे कप उचलायला कुणाला नेमलेलं नाही. अंधार दहा सेकंदांच्या आत आणा, प्रत्येक वस्तूला एक माणूस ठरवून द्या. आणि प्रयोग सहाला सुरू करा.