मदत हवी आहे : किडनीसाठी 'इम्यून सेल थेरपी', चार डोसचे साडेचार लाख. घ्यावी का?

तासगावकर : वडील ६१, जुना मधुमेह. क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) २.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) २४, लघवीतला एसीआर (प्रथिन किती गळतंय ते) १४००. डायलिसिस अजून नाही. सांगलीतल्या शिबिरात सांगितलं, रक्त काढून त्यातल्या एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) लॅबमध्ये दोन-तीन आठवडे वाढवायच्या नि सलाइनमधून परत द्यायच्या, डायलिसिस टळतं. निम्मे पैसे आगाऊ मागतायत. काय तपासू?

कृष्णाकाठ : आगाऊ एक रुपयाही देऊ नका.

एनके पेशींचं काम म्हणजे विषाणू शिरलेल्या आणि कर्करोगाच्या पेशी मारणं. मधुमेहात किडनीच्या गाळण्या वण पडून बंद होतात. तिथं मारायचं काय? बंद पडलेली गाळणी पुन्हा उगवतही नाही. उलट वण पडण्यातच एनके पेशींचा हात असावा, असं किडनीच्या बायोप्सींवरच्या (काढलेल्या तुकड्यांवरच्या) अभ्यासांतून दिसलंय.

शिबिरवाले सीएआर-टीचं (रुग्णाच्या टी पेशी लॅबमध्ये बदलून परत द्यायची थेरपी) नाव घेतील. ती खरी आहे, पण आजार वेगळा. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ती ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णांना दिली, त्याचे अहवाल २०२१ पासून आहेत. ल्युपसमध्ये किडनीवर उलटणाऱ्या अँटिबॉडीज बी पेशींपासून येतात, म्हणून त्या पेशीच काढायच्या. मधुमेही किडनीत तसा शत्रू नाही. आपल्याकडच्या नेक्सकार१९ या सीएआर-टीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तीही रक्ताच्या कर्करोगासाठी.

ट्रायल चालू आहे म्हणाले तर सीटीआरआय (ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर मागा आणि साइटवर स्वतः उघडून बघा : आजार कोणता लिहिलाय, केंद्रांच्या यादीत हे हॉस्पिटल आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का. नुसती नोंद म्हणजे सरकारी मान्यता नव्हे. आणि खरी ट्रायल असेल तर २०१९च्या क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे इजा झाल्यास उपचार नि भरपाई द्यावी लागते. प्रयोगाचे पैसे पेशंटकडून घेणं आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था) तत्त्वांत बसत नाही. साडेचार लाख मागितले तिथंच उत्तर आहे.

तासगावकर : पण एकाचं क्रिएटिनिन ४ वरून ३ वर आल्याचा रिपोर्ट दाखवला.

कृष्णाकाठ : शरीर कोरडं पडलेलं असेल तर नुसत्या सलाइननं उतरतं. डायक्लोफिनॅक (दुखण्यावरची गोळी) बंद केलं तरी उतरतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून स्नायू झडले तरी उतरतं, आणि ती तर वाईट खूण. आधीच्या नि नंतरच्या सहा-सहा महिन्यांचे ईजीएफआर, एसीआर, वजन आणि सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्ततपासणी) मागा. बहुतेक मिळणार नाही.

मिरज_लॅब : पेशी स्वतःच्या की दात्याच्या, हे लेखी घ्या. दात्याच्या असतील तर एचएलए अँटिबॉडीज (परक्या पेशींवरच्या खुणांविरुद्धच्या) तयार होऊ शकतात, मग पुढे ट्रान्सप्लांटच्या वेळी क्रॉसमॅच (दात्याशी रक्त जुळतं का ही तपासणी) पॉझिटिव्ह, म्हणजे न जुळणारी, येऊन जुळणारा दाता हातचा जातो. याबद्दल शिबिरात कुणी बोलत नाही.

कृष्णाकाठ : तोवर नेफ्रॉलॉजिस्टना विचारा : टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल (बीपीच्या, किडनी जपणाऱ्या गोळ्या) सोसेल त्या पूर्ण डोसला आहे का? डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाची, किडनीही जपणारी गोळी) १० मिग्रॅ सुरू करता येईल का? (ईजीएफआर २० किंवा त्याहून जास्त असेल तर सुरू करता येतं.) सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं, घाबरून परस्पर बंद करू नका. टेल्मिसार्टन-रामिप्रिलचा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत पोटॅशियम तपासा. उलट्या-जुलाब असले तर या गोळ्या थांबवायच्या का, हे फोन करून विचारा. बीपी १३०/८० च्या आत. पोटॅशियम वाढलेलं असेल तर तासगावचा बेदाणा घरात असला तरी वडिलांच्या ताटात नको, त्यात पोटॅशियम भरपूर, आणि हळदीच्या कॅप्सूल नकोतच, त्यातलं ऑक्सलेट किडनीत साचतं. उजव्या हातानं काम करत असतील तर डाव्या हाताच्या मनगटापासून वरच्या शिरांत सुई टोचू देऊ नका, डायलिसिसची वेळ आली तर फिस्ट्युलाला (डायलिसिससाठी शीर-धमनी जोडायची शस्त्रक्रिया) त्या लागतील.