मदत हवी आहे: नट गामिनी फोन्सेका पहिल्या भागात मरतो, मग तिसऱ्यात कसा?

नागचाफा (धागाकर्ती)
शनिवारी वाचनकट्ट्यावर माझी पाळी आहे आणि मी पार अडकलेय. गामिनी फोन्सेका पहिल्या भागात मरतो ना, मग तिसऱ्यात गडगंज मालक होऊन कसा येतो? आणि माझ्या टिपणात तिसऱ्याचं साल १९४९ नि दुसऱ्याचं १९५७ लिहिलंय, हे चुकलंय का? प्लीज लवकर सांगा, आज रात्री लिहून संपवायचंय.

उंबरठा
कसले भाग? पुस्तकाचे, सिरियलचे की सिनेमाचे? कोणत्या भाषेत? काहीच कळलं नाही.

चांदणवेल
फोन्सेका म्हटलं की मला श्रीलंकेची नटी मालिनीच आठवते. १९६८ च्या 'पुंची बबा'पासून सुरुवात, १९७८ मध्ये तमिळ 'पायलट प्रेमनाथ'मध्ये शिवाजी गणेशनसमोर, पुढे २०१० मध्ये खासदार. मे २०२५ मध्ये गेली तेव्हा मी दोन दिवस तिचेच सिनेमे बघत होते. 'निधानय' बघाच. मानेवर चार जन्मखुणा असलेली बाई बळी दिली तर गुप्तधन मिळेल म्हणून तो तिच्याशी लग्न करतो, आणि ती बिचारी त्याच्यावर जीव टाकते. तो नवरा गामिनीच आहे.

नागचाफा
अहो ताई, मालिनीबद्दल विचारलंच नाहीये मी! श्रीलंकेच्या मार्टिन विक्रमसिंघेंच्या तीन सिंहली कादंबऱ्या, गंपेरलिय, कलियुगय, युगांतय. तिन्हींवर दिग्दर्शक लेस्टर जेम्स पेरिसने सिनेमे केलेत. मी सबटायटलवर पहिला नि तिसरा पाहिलाय.

उंबरठा
आणि दुसरा?

नागचाफा
मिळाला नाही. पुस्तकंही मिळाली नाहीत.

खारवी
हे आधी सांगायचं ना! माणूस एक, भूमिका दोन. १९६३ च्या पहिल्या सिनेमात गामिनी म्हणजे जिनदास, नायिका नंदाचा पहिला नवरा, धंदा बुडाला म्हणून गाव सोडून जातो तो. १९८३ च्या तिसऱ्यात तो सायमन कबलाना, पुढच्या काळातला भांडवलदार. जिनदासचा त्याच्याशी संबंध नाही. पियल (नंदाचा दुसरा नवरा) आणि नंदा मात्र मधल्या सिनेमातही तेच, हेन्री जयसेन आणि पुण्या हीन्देनिय, जवळपास वीस वर्षांनी. तो न बघता थेट तिसऱ्यावर गेलात म्हणून गोंधळ झाला. आणि सालं बरोबर आहेत. लिहिल्या १९४४, १९४९, १९५७ अशा, पण १९५७ ची कलियुगय गोष्टीत मधे बसते.

जुना_कंदील
मग वाचायच्या त्याच क्रमाने, ४४, ४९, ५७. लेखकाचं डोकं कसं चाललं ते तसंच कळतं. शेवट आधी लिहून मग मधला दुवा भरायला तो आठ वर्षांनी परत येतो, हे केवढं आहे!

खारवी
नवख्या माणसाला का छळताय? नंदाची मुलं कोण ते माहीत नसताना तिसरी हातात घेऊन काय करणार?

उंबरठा
वाचायला पुस्तकंच नाहीत म्हणतायत त्या. पण मला सारखी एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी'ची नाट्यत्रयी आठवतेय. पडका वाडा, तीन पिढ्या, आणि तिसऱ्याचं नाव आपल्याकडेही युगान्तच! गंपेरलिय म्हणजे गावाची उलथापालथ. तीच गोष्ट आहे.

जुना_कंदील
तीच नाही. आपल्या वाड्यात पियल कुठाय? तो त्या घरी इंग्रजी शिकवायला येणारा पोरगा, खालच्या घरातला म्हणून नंदासाठी नाकारलेला, मग कोलंबोत व्यापार करून पैसेवाला होऊन परततो आणि तेच मोडकं घर दुरुस्त करून देतो. धरणगावच्या वाड्याला असं सावरणारं कोणी येत नाही, अंगणात ट्रॅक्टर गंजत राहतो. विक्रमसिंघे वर चढणाऱ्या माणसाकडे बघतात, एलकुंचवार बुडणाऱ्या घराकडे.

खारवी
हे पटलं.

चांदणवेल
हेन्री जयसेन निघालेत म्हणून अवांतर. ते मोठे नाटककारही होते. ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल' या नाटकाचं सिंहली रूप 'हुणुवटये कथाव' त्यांनी १९६७ मध्ये केलं. त्याच नाटकाचं आपल्याकडे खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं, विजया मेहतांनी बसवलं. कट्ट्यावर हे सांगाच.

उंबरठा
आणि युगांतयमधला कबलानाचा मुलगा, इंग्लंडहून डावे विचार घेऊन येतो नि बापाशी भांडतो, तो रिचर्ड द झोयसा. पत्रकार होता. फेब्रुवारी १९९० मध्ये त्याला घरातून उचलून नेऊन मारलं. ते कळल्यावर मला बाप-लेकाचे सीन नीट बघवेनात.

नागचाफा
हे माहीतच नव्हतं मला. परत बघते. सगळ्यांचे आभार, जिनदास आणि कबलाना वेगळे हे कळलं, हेच हवं होतं.

जुना_कंदील
पहिल्याला १९६५ मध्ये दिल्लीच्या महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला होता, तेही लिहा. नाचगाणी नाहीत, स्टुडिओचे सेट नाहीत.

नागचाफा
लिहिते. शेवटचं एकच, नंदाची ती थोरली बहीण, लग्न न झालेली अनुला. वाड्यातली प्रभा वाचताना मला सारखी तिचीच आठवण येत होती. तिचं काम कोणी केलंय?

खारवी
ट्रिलिशिया गुणवर्धन. दुसऱ्यांदा बघताना फक्त तिच्यावर नजर ठेवा. धाकटीच्या लग्नाची बोलणी चालू असतात तेव्हा ती काय करते ते बघा.