जावा २५० : हॉर्न आपोआप वाजतो आणि डिपरला टाकताच दिवा विझतो, हँडलवरच्या स्विचची योग्य जोडणी कोणती?

कोयनाकाठ (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमच्या घरी म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेली जावा २५०, टाइप ३५३, ही मोटारसायकल आहे. सहा व्होल्टची मूळ व्यवस्था मी बदललेली नाही आणि बदलण्याची इच्छाही नाही. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले आहे. हँडलला नुकतेच पावडर कोटिंग करून घेतले. मूळ स्विच फुटलेला असल्यामुळे त्या जागी बाजारात मिळणारा डिपर-हॉर्नचा जोडस्विच बसवला. त्यातून डिपरच्या तीन तारा आणि हॉर्नची एक तार बाहेर येते. तारांचे रंग मूळ रंगांशी जुळत नाहीत.

आता तीन दोष दिसतात. अप्परला (लांबच्या झोताला) दिवा लागतो, पण डिपरला (जवळच्या झोताला) टाकताच पूर्ण विझतो. हॉर्नचे बटण दाबल्यावर आवाज अगदी क्षीण येतो, कधी येतच नाही. उलट हँडल पूर्ण डावीकडे वळवले की बटणाला हात न लावता हॉर्न खणखणीत वाजतो. आमच्या वायरमनचे मत असे, की बॅटरीचा धन पुरवठा बटणातून हॉर्नला द्यावा, म्हणजे प्रश्न मिटेल. तसे करणे योग्य होईल का?

पंचगंगा

धन पुरवठा बटणातून नेऊ नका. या गाडीत हॉर्नच्या एका टोकाला किल्ली फिरवताच धन पुरवठा मिळतो आणि दुसऱ्या टोकाची तार बटणाकडे जाते. बटण दाबले की ती तार हँडलच्या धातूला टेकते, म्हणजेच बटण हॉर्नला केवळ अर्थ (सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतीचा मार्ग) देते. हे लक्षात घेतले की हॉर्नचे दोन्ही दोष एकाच रचनेतून आलेले दिसतील. पावडर कोटिंगचा थर वीज वाहू देत नाही, म्हणून स्विच हँडलला आवळणाऱ्या पट्टीखाली अर्थ मिळत नाही आणि बटण दाबूनही हॉर्न दबलेला राहतो. तीच बटणाची तार हेडलाईटच्या घराजवळ कुठेतरी सोलली गेली असणार. हँडल वळवताना तिचे उघडे तांबे पत्र्याला टेकते आणि हॉर्नला तिथे उत्तम अर्थ मिळतो, म्हणून तो खणखणीत वाजतो. वायरमनच्या सांगण्याप्रमाणे त्याच तारेतून धन पुरवठा नेला असता, तर अशी सोललेली तार पत्र्याला टेकताच फ्यूज उडाला असता, आणि फ्यूजच्या जागी कोणी जाड तार गुंडाळलेली असती तर वायरिंग जळाले असते. शिवाय तुमच्या स्विचमध्ये हॉर्नची एकच तार आहे, म्हणजे बटणाचे दुसरे टोक स्विचचे अंगच आहे. त्या तारेला धन पुरवठा जोडून बटण दाबणे म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट.

डिपरचे कारण वेगळे आहे. तीन तारांपैकी एक समाईक असते. स्विच तिला कधी अप्परच्या तर कधी डिपरच्या तारेशी जोडतो. तुमच्याकडे दिव्याचा पुरवठा समाईक तारेऐवजी अप्परच्या किंवा डिपरच्या तारेला जोडला गेला आहे. त्यामुळे एका स्थितीत मार्ग पूर्ण होतो आणि दुसऱ्या स्थितीत पुरवठा स्विचमध्येच थांबतो. रंगांवर मुळीच विसंबू नका, कारण बाजारातल्या स्विचांच्या रंगांना कोणताही नियम नसतो. बॅटरी सोडवा, स्विचच्या तिन्ही तारा मोकळ्या करा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (मार्ग जोडलेला असला की आवाज देणाऱ्या स्थितीवर) ठेवून दोन-दोन तारा तपासा. जी तार दोन्ही स्थितींत, पण वेगवेगळ्या जोडीदाराबरोबर, आवाज देते ती समाईक. तारा मोकळ्या करणे टाळू नका. बल्बच्या फिलामेंटचा रोध इतका कमी असतो की जोडलेल्या तारांत मीटर त्याच्यातूनही वाजतो आणि माणूस फसतो. युरोपीय गाड्यांच्या वायरिंगच्या आकृत्यांत टोकांना क्रमांक दिलेले असतात; त्यांत ५६ हा दिव्याचा पुरवठा, ५६ए अप्पर आणि ५६बी डिपर असतो. समाईक तार ५६ ला जोडा आणि प्रत्येक तारेवर चिठ्ठी लावा.

तारायंत्र

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. अर्थबद्दल मात्र थोडे अधिक लिहितो. स्विचच्या पट्टीखालचे कोटिंग नखाएवढ्या जागेत पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे आणि गंज धरू नये म्हणून व्हॅसलिनचा हलका हात द्यावा. मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण हँडलपासून सांगाड्यापर्यंतचा अर्थ अखेर हँडलच्या बेअरिंगमधल्या ग्रीस लावलेल्या छर्‍यांतून जातो आणि तो मार्ग भरवशाचा नाही. स्विचच्या पट्टीच्या स्क्रूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक स्वतंत्र काळी तार ओढावी. हेडलाईटच्या बल्ब होल्डरचा अर्थही त्याच तारेला जोडावा.

सहा व्होल्टच्या गाडीत याला विशेष महत्त्व आहे. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे २.९ अँपिअर घेतो, तर ६ व्होल्टवर ५.८ अँपिअर. वाटेतल्या जोडांचा रोध केवळ ०.१ ओहम असला तरी ०.५८ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ दहा टक्के दाब (व्होल्टेज), तिथेच खर्च होतो. आणि दाब दहा टक्क्यांनी घटला की बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. जुन्या जावाचा दिवा मिणमिणता म्हणून लोक नाव ठेवतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष जोडांचा असतो, आणि चांगल्या गाडीला उगाच बोल लागतो याचे मला मनापासून वाईट वाटते. बाजारच्या स्विचच्या तारा बहुधा अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या असतात. त्या जितक्या आखूड ठेवता येतील तितक्या ठेवून पुढे दीड चौरस मिलिमीटरची तार वापरावी. दोन मीटरच्या पातळ तारेत साधारण ०.४ व्होल्ट जातात, जाड तारेत ०.१४.

कोयनाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मीटरने तपासले असता पिवळी तार समाईक निघाली. दिव्याचा पुरवठा लाल तारेला दिलेला होता. बदल करताच अप्पर आणि डिपर दोन्ही व्यवस्थित चालू झाले. काळी तार ओढल्यावर हॉर्नही बटणावर स्पष्ट वाजतो. हेडलाईटचे घर उघडले तेव्हा हॉर्नच्या बटणाची तार जिथून आत शिरते त्या पत्र्याच्या कडेवर तिचे आवरण कापलेले आढळले. तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळली तर पुरेल का?

पंचगंगा

टेप पुरणार नाही; उष्णतेने आणि उन्हाने तिचा डिंक सुटतो आणि ती सरकते. कापलेला भाग काढून टाका, नव्या तारेचा तुकडा डाग देऊन (सोल्डर करून) जोडा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. भोकाला रबरी ग्रोमेट (पत्र्याची कड झाकणारे कडे) बसवा. त्यानंतर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पाहा: दोन्ही टोकांना तार ताणली जाता कामा नये आणि कुठेही चिमटली जाता कामा नये. ही तपासणी हेडलाईट परत बसवल्यानंतर पुन्हा करा, कारण आतला ताराजुडगा दिवा बसवताना मागे ढकलला जातो आणि आधी मोकळी असलेली तार तेव्हाच कडेवर येऊन बसते.